13 सीटरच्या मोटरहोमला ऑल-सीझन टायर घालावेत का? (कोल्हापूर)

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. मी निवृत्त शिक्षक, गणित शिकवायचो. दोन वर्षांपूर्वी जुनी 13 सीटर घेतली आणि उद्यमनगरातल्या एका कारागिराकडून तिचं घर करून घेतलं. पलंग, ओटा, 200 लिटरची पाण्याची टाकी, मागं छोटं न्हाणीघर. पुढं दोन चाकं, मागं डबल, म्हणजे सहा टायर आणि एक स्टेपनी. साइझ 195 आर 15.

आमचं फिरणं असं. पावसाळ्यात गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकण, थंडीत विजापूर-हंपी, आणि येत्या जूनमध्ये मनालीहून अटल बोगद्यापलीकडं लाहौलला जायचं मनात आहे. उरलेले पाच-सहा महिने गाडी दारात उभीच असते.

एप्रिलमध्ये निपाणीच्या पुढं, संकेश्वरच्या अलीकडं, मागचा डावा आतला टायर गेला. फुटल्याचा आवाज झाला नाही. आधी जळक्या रबराचा वास आला. बायको म्हणाली, कुठंतरी कचरा पेटवला असेल. पुढच्या दोन किलोमीटरांत गाडी डावीकडं बसल्यासारखी वाटू लागली. उतरून बघतो तर आतल्या टायरची वरची पट्टी सोलून निघालेली, तारा बाहेर, आणि शेजारचा बाहेरचा टायर एवढा तापलेला की हात लावला तसा मागं घेतला. गाडीत नातवंडं होती. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

टायर गोटा झाला होता म्हणावं तर तसंही नाही. नक्षी चांगली 6 मिलिमीटर होती, पट्टी लावून मोजली.

माझा भाचा जर्मनीत असतो. तो म्हणतो, मामा, तिकडं सगळे मोटरहोमवाले ऑल-सीझन घालतात, तुम्हीही तेच घाला म्हणजे ऊन-पाऊस-बर्फ एकदमच मिटलं. शाहूपुरीतल्या दुकानात विचारलं तर तो म्हणतो, सर, आपल्याकडचे सगळेच टायर ऑल-सीझन. यातलं खरं काय धरायचं? पैसे खर्च करायची तयारी आहे, पण एकदाच आणि समजून.

घाटवाट_08

सर, मी माझ्या गाडीला बटण टायर घातलेत, जाड उंच गुठळ्यांच्या नक्षीचे, चिखलात नाद खुळा चालतात. दाजीपूर, राधानगरी, कुठंच अडकलो नाही. बिनधास्त घाला.

शिरोली_नाका

सर, नातवंडं सुखरूप आहेत हे सगळ्यात आधी. मी 22 वर्षं टायरच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बटण टायर घालू नका. घाटवाट भाऊंची गाडी हलकी आहे आणि त्यांचं फिरणं रानातलं. तुमची जड गाडी बहुतेक वेळ डांबरावर पळणार. बटणाचा टायर ओल्या डांबरावर कमी टेकतो, हायवेला जास्त तापतो आणि आवाजानं आतल्या माणसाचं डोकं उठवतो. तुम्हाला सरळ उभ्या खाचांचा, मधे बारीक काप असलेला हायवेचा रेडियल, म्हणजे नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असलेला टायर पाहिजे. करूळ घाटात पाणी त्या खाचांतूनच बाहेर पडतं.

आता तुमचा टायर का गेला. मला तीन गोष्टी कळवा, मग बोलू.

एक, टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहाही चाकांचे आणि स्टेपनीचे बघा. आतल्या चाकांसाठी गाडीखाली सरपटावं लागेल, बॅटरी घेऊन जा. कधीकधी ती ओळ पलीकडच्या बाजूला असते.

दोन, साइझच्या शेजारी 106/104 असं काहीतरी असेल. तो वजनाचा आकडा.

तीन, गाडी काट्यावर घाला. पाण्याची टाकी भरून, सिलेंडर, भांडीकुंडी, अंथरुणं, माणसं, सगळ्यासकट. ऊस-वाळू मोजतो तोच वजनकाटा, काट्यावाल्याला सांगितलं तर तो चार वेळा मोजू देतो. आधी अख्खी गाडी. मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर. मग फक्त मागची. आणि शेवटी गाडी एका अंगानं काट्यावर, एका अंगानं बाहेर, अशी डाव्या बाजूची. हे शेवटचं कुणी करत नाही. घराच्या गाडीत मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण ओटा, टाकी, बॅटऱ्या आपण सोयीनं एका बाजूला टाकतो.

नेकारकाठचा_कोल्हापुरी

मी मूळचा मंगळवार पेठेतला, आता 11 वर्षं श्टुटगार्टजवळ. सरांच्या भाच्याचं म्हणणं इथल्यापुरतं बरोबर आहे, पण त्यामागचं कारण समजून घ्या.

उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर मऊ, ते थंडीतही लवचीक राहतं. ऑल-सीझन म्हणजे या दोघांच्या मधला तोडगा. इथं रस्त्यावर बर्फ किंवा हिमकण असले की हिवाळी किंवा ऑल-सीझन टायरशिवाय गाडी चालवायला कायद्यानं बंदी आहे. पूर्वी टायरवर नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) असलं तरी चालायचं. 1 ऑक्टोबर 2024 पासून तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह असलेलेच टायर हिवाळ्यासाठी धरले जातात. मोटरहोमवाल्यांना दोन सेट ठेवायला जागा नसते, म्हणून ते ऑल-सीझन घेतात. शिवाय इथं मोटरहोमसाठी सीपी अशी खूण असलेले वेगळे टायर मिळतात, सतत भरलेल्या आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी जास्त मजबूत केलेले.

आपल्या कोल्हापुरात कडाक्याच्या थंडीतही पहाटे 7 अंश क्वचितच. ते मऊ रबर एप्रिलच्या डांबरावर लवकर झिजेल आणि ब्रेक लावल्यावर गाडी जरा पुढं जाऊनच थांबेल. जूनच्या एका सहलीसाठी वर्षभर ती किंमत मोजू नका. लाहौलमध्ये वर कुठं बर्फ लागलंच तर मागच्या चाकांना साखळ्या बांधा, नाहीतर एक दिवस मुक्काम वाढवा.

राजारामपुरीकर

दोघांचेही मनापासून आभार. कालचा अख्खा दिवस यात गेला. सगळं जसं आहे तसं लिहितो.

पुढचे दोन्ही टायर 1121, म्हणजे 2021 सालच्या अकराव्या आठवड्यातले. मागचे उरलेले तिन्ही 3417. म्हणजे ऑगस्ट 2017! गाडी घेताना मी नक्षी बघितली, तारीख बघायची असते हे मला माहीतच नव्हतं. बॅटरी मारून बघितलं तर आतल्या टायरच्या बाजूला, रिमच्या जवळ, बारीक बारीक तडे. उन्हाळ्यात तळ्याच्या काठाला मातीला जातात ना, हुबेहूब तसे. बाहेरून काळा कुळकुळीत. मागच्या वर्षी ‘नवीन’ म्हणून घेतलेली स्टेपनी चार वर्षं जुनी निघाली, दुकानात पडून असावी. ते फार मनाला लागलं.

वजनाचा आकडा 106/104 च आहे.

काट्यावरचं, सगळं भरून आणि आम्ही दोघं बसून:
एकूण 3,740 किलो.
पुढची चाकं 1,380, मागची 2,360.
डावी बाजू 2,060, उजवी 1,680.
काटेवाला भला माणूस, त्यानं मागचं एकेक अंगही करून दिलं. मागं डावीकडं 1,310, उजवीकडं 1,050.

आरसीवरच्या एकूण वजनात बसतंय. पण डाव्या-उजव्यात 380 किलोचा फरक बघून मी काट्यावरच थांबलो. टाकी, न्हाणीघर, दोन्ही बॅटऱ्या, सगळं डावीकडं मागं. वर्गात पोरांना तराजू शिकवला आणि घरात हे केलं.

शिरोली_नाका

सर, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे.

106 म्हणजे टायर एकटा असेल तर 950 किलो. 104 म्हणजे जोडीत असेल तर प्रत्येकी 900. जोडीत कमी धरतात, कारण दोन टायर कधीच अगदी सारखं वजन घेत नाहीत आणि आतल्याला वारा लागत नाही. तुमच्या मागच्या डाव्या जोडीवर 1,310, म्हणजे एकेकावर साधारण 655. दोन्ही धड असतील तर काहीच अडचण नाही.

पण आतल्यातली हवा गेली की 1,310 सगळे बाहेरच्या एकट्यावर. त्याची ताकद 950! म्हणून तो तुमच्या हाताला चटका देण्याइतका तापला. आणि आतला बिनहवेचा टायर रिम आणि रस्त्याच्या मधे चेंगरत, वाकत पळत राहिला. त्यात तो आठव्या वर्षातला, तडे गेलेला. सोलणारच. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण रबर उन्हानं आणि हवेनं वाळत राहतं. नक्षी तशीच दिसते म्हणून माणूस फसतो. घराच्या गाडीला सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, मी टायर काढायला सांगतो.

एक विचारतो. आतल्या चाकांची हवा शेवटची कधी बघितली होती?

राजारामपुरीकर

खरं सांगतो, आतल्यांची कधीच नाही. पंपावरचा पोरगा बाहेरच्या चार चाकांना नळी लावायचा. आतल्या नोझलपर्यंत त्याचा हात पोचत नाही, आणि मीही कधी आग्रह धरला नाही.

शिरोली_नाका

बहुतेकांचं असंच असतं सर, मनाला लावून घेऊ नका. आतल्या चाकांना लांब नोझल बसवून घ्या, धातूचं, आणि बाहेरच्या डिस्कला क्लिपनं पक्कं केलेलं. 500-600 रुपड्यांकडं बघू नका. तोवर जुन्या ड्रायव्हरांची रीत, रोज सकाळी निघताना सहाही चाकांवर टॉमी, म्हणजे टायर काढायची लोखंडी सळई, मारायची. भरलेला टायर टणकन टॉमी परत फेकतो, बसलेला थप्प करून गप्प राहतो. पण ती रोजची चाचपणी झाली, मीटर लावायचाच.

हवा सकाळी थंड टायरात बघा, गाडी एक-दोन किलोमीटरपेक्षा जास्त न पळवता. 60 पीएसआयच्या आसपासच्या टायरात तापमान 10 अंश उतरलं की साधारण अडीच पॉईंट कमी दाखवतं. कोल्हापूरच्या उन्हात भरलेली हवा मनालीच्या पहाटे कमी दिसणार, तिथं परत बघा. दुपारी तापलेल्या टायरात जास्त दिसली म्हणून सोडू मात्र नका.

मागचे चारही एकदम बदला, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. जोडीत एक नवा एक झिजका ठेवला तर नव्याचा घेर मोठा, तोच सगळं वजन ओढतो. रेडियल आणि नायलॉन (तिरप्या धाग्यांच्या थरांचा जुन्या पद्धतीचा टायर) एकत्र नको, रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला, तर घराच्या गाडीला नकोच. वजनाचा आकडा 106/104 च्या खाली उतरू देऊ नका, दुकानदार ‘कारचा बसतो की’ म्हणाला तरी. पुढचे दोन अजून वर्ष-दीड वर्ष चालतील, तडे नसतील तर. बिल करायच्या आधी टायर स्वतः फिरवून तारीख वाचा, सहा महिन्यांच्या आतलीच घ्या.

कळे_साळवण

मी रोज गगनबावडा रस्त्यानं शाळेला ये-जा करते. एकच भर घालते. ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांबरोबर शेतातला चिखल रस्त्यावर येतो, आणि वळवाच्या पहिल्या सरीत तो साबणासारखा होतो. टायर कोणताही असो, त्या दिवसांत साळवणच्या पुढं वळणांवर ब्रेक दाबू नका, गिअरवर उतरा. आणि डबल चाकांच्या मधे अडकलेले दगड काढत जा. आमच्या एसटीच्या ड्रायव्हरना मी रोज ते करताना बघते.

राजारामपुरीकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. चार नवे हायवे रेडियल आणि एक नवी स्टेपनी, पाचही एकाच महिन्यातले. दुकानदारानं आधी एक जुना मधे घातला होता, तारीख वाचून दाखवल्यावर मुकाट्यानं बदलून दिला. दोन्ही बॅटऱ्या आणि सिलेंडर उजवीकडं नेले. टाकी हलवता येत नाही, म्हणून कोकणात जाताना आता अर्धीच भरतो, पाणी वाटेत मिळतंच. परत काट्यावर गेलो, डाव्या-उजव्यातला फरक 90 किलोवर आला.

परवा पावसात गगनबावड्याला गेलो होतो. वर पोचल्यावर थांबून सहाही टायरना हात लावला. आतल्यांसाठी दंडापर्यंत हात घालावा लागतो, शर्ट चिखलानं माखला. सगळे सारखेच कोमट होते. बायकोनंही खाली उतरून मागच्या डाव्या आतल्याला स्वतः हात लावून बघितला, मगच चहा टाकला.

जुन्या टायरबद्दल काहींनी निरोप पाठवून विचारलं, बैलगाडीला पाहिजेत म्हणून. द्यायचे नाहीत असं ठरवलंय, उसाच्या ओझ्याखाली ते कुणाच्या तरी बैलाच्या पायाशी फुटतील. तालमीतली पोरं घेऊन गेली, कंबरेला दोरी बांधून ओढायला.