गुंज-गुंज साठवलेलं: बेताच्या संसारातून सोनं-चांदी जमवण्याचे अनुभव

२०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं, तेव्हा आमच्या नाशिकच्या सिडकोच्या गल्लीत बायकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "आता आपल्यासारख्यांनी सोन्याचं नाव काढायला नको." मला हे पटत नाही. आमच्या माहेरी सोनं परवडतंय असा एकही महिना गेला नाही, तरी ते जमलं. तुमच्याही घरात जमलं असेल. म्हणून विचारतेय: तुम्ही कसं बाजूला काढलंत, आणि ज्या दिवशी ते मोडावं किंवा गहाण ठेवावं लागलं त्या दिवशी हातात काय आलं? दोन्ही लिहा. भाव पुढे चढेल की पडेल यावर बोलायला नको, ते कुणाच्याच हातात नाही.

सुरुवात माझ्यापासून करते, तुमचे अनुभव त्याखाली.

आम्ही दहीपुलाजवळ भाड्याच्या खोलीत राहायचो, तळमजल्यावर. वडील एका दुकानात कामाला, पगार बेताचा. आई साड्यांना फॉल-पिको करायची. त्या पैशातली दहाची एखादी नोट ती शिवणमशिनच्या खणात, बॉबिनच्या डबीत घडी करून टाकायची. ही डबी भरली की गुरुपुष्यामृताच्या दिवशी सराफ बाजारात ठरलेल्या सोनाराकडे जायची आणि एक ग्रॅमची साधी वेढणी घ्यायची. तेव्हा ग्रॅमला पाचशेच्या आसपास पडायचे. वेढणी म्हणजे नुसती गोल तार, चोख सोन्याची, नक्षी नाही, खडा नाही. ती घालायची नसायची. आई ती काळ्या दोऱ्यात ओवायची आणि गाठ मारून ठेवायची. कधी वर्षाला दोन, कधी दीड-दोन वर्षांत एकही नाही. २००८ पर्यंत त्या दोऱ्यात तेवीस वेढण्या झाल्या होत्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला. नदीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली यावर जुनं नाशिक पुराचा अंदाज बांधतं. त्या दिवशी बातमी येईपर्यंत आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं. आईने मशिनचं डोकं उचलून माझ्या हातात दिलं, दोरा स्वतःच्या गळ्यात घालून पदराखाली घेतला आणि आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे रात्र काढली. गहू, गाद्या, माझी बारावीची पुस्तकं, सगळं गेलं.

पुढच्या वर्षी माझी नर्सिंगची फी भरायची होती. आई आणि मी त्याच सोनाराकडे गेलो. त्यांनी पांढरा कागद पसरला, कात्रीने दोरा कापला आणि वेढण्या टपटप कागदावर पडल्या. चौदा मोजून घेतल्या, बाकीच्या परत. प्रत्येक वेढणी कसोटीवर ओढून बघितली, मग सगळ्या एकदम काट्यावर. चौदा ग्रॅमला दोन-तीन गुंजा (एक गुंज म्हणजे ग्रॅमचा साधारण आठवा हिस्सा) कमी भरल्या असतील, तेवढंच. वीस हजारांच्या जवळपास रोख मिळाली.

त्याच दिवशी आईने तिच्या लग्नातली बोरमाळही दाखवली. वजन अकरा ग्रॅमच्या वर भरलं. पण बोरमाळेचे मणी आतून पोकळ, लाखेवर उभे असतात. सोनाराने दोन मणी विस्तवावर धरले, लाखेचा धूर निघाला, मणी दबून चपटे झाले. एकूण हिशेबात निव्वळ सोनं सात ग्रॅमही धरलं नाही. आईने ती माळ मोडली नाही, ते दोन मणी पदराच्या टोकाला बांधून घरी आणले. रस्त्यात एवढंच म्हणाली, "ल्यायचं वेगळं आणि ठेवायचं वेगळं."

सोनारकाम करणाऱ्या घरातून

वरचा अनुभव वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या तीन पिढ्या या कामात. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. तेव्हा आजोबांच्या हाताचं काम गेलं. चौदा कॅरटचं सोनं गिऱ्हाइकाला नको होतं. दोन वर्षं त्यांनी भाजीची गाडी लावली. पुढे १९६८ चा कायदा आला, तो १९९० मध्ये रद्द झाला, तोवर वडील मोठे झाले होते. घरात अजूनही रोज संध्याकाळी भट्टीजवळची धूळ झाडून डब्यात ठेवतात, ती झारेकरी घेऊन जातात आणि धुऊन त्यातलं सोनं काढतात. धुळीतला कण कुणी सोडत नाही, मग गिऱ्हाइकाने स्वतःचे ग्रॅम का सोडावेत?

तर कारागिराच्या बाजूने सांगतो. तुमचा पैसा चार वाटांनी जातो: घडणावळ म्हणजे मजुरी, जीएसटीचे तीन टक्के, खड्यांचं किंवा लाखेचं वजन सोन्यात धरणं आणि मोडताना कापली जाणारी तूट. जीएसटी चुकत नाही. बाकीच्या तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. जितका नाजूक, जाळीदार, खडेदार दागिना, तितकं नुकसान जास्त. साठवायचंच असेल तर साधं वळं, साधी वेढणी, सरळ पाटली.

बिलावर निव्वळ वजन, कॅरट, मजुरी आणि खड्यांचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कुठल्या सराफाचा, काय शुद्धतेचा हे दिसतं. मात्र एक लक्षात घ्या: दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणजे वरच्या ताईंच्या आईसारखी एक ग्रॅमची वेढणी घेणाऱ्याला आधार फक्त सोनाराच्या शब्दाचा आणि बिलाचा. तिथे बिल नको म्हणून शंभर-पन्नास वाचवू नका.

सातपूर, कारखान्यात नोकरी

माझा प्रवास योजनेपासून. एका सराफाकडे महिना दोन हजार, अकरा महिने, बारावा हप्ता दुकानाचा. अकरा महिनेच का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कंपन्यांच्या ठेवींच्या नियमांमुळे आगाऊ घेतलेल्या पैशाचा माल ३६५ दिवसांत द्यावा लागतो, म्हणून. बाराव्या महिन्यात गेलो तर नाणं मिळणार नाही, दागिनाच घ्यायचा, आणि जो आवडला त्याची मजुरी चौदा टक्के. दुकानाने दिलेला हप्ता मजुरीतच परत गेला. बायकोला कानातले मिळाले, ती आनंदात होती, त्यामुळे तक्रार नाही. पण ती साठवण नव्हती, खरेदी होती.

नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारचे सुवर्णरोखे, म्हणजे सोन्याच्या भावाने पैसे परत देणारे कागद, पहिल्यांदा निघाले. ओव्हरटाइमचे पैसे होते. पोस्टात जाऊन दोन ग्रॅम घेतले, ग्रॅमला २,६८४ रुपये. सहा महिन्यांनी खात्यात व्याजाचे सत्तरेक रुपये पडायचे. सेक्शनमधले मित्र विचारायचे, दोन ग्रॅमने काय होणार? आठ वर्षं झाली, नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रॅमला ६,१३२ रुपयांनी पैसे खात्यात आले. मजुरी नाही, तूट नाही, लॉकर नाही. पोराच्या सायकलचे आणि दोन सत्रांच्या पुस्तकांचे पैसे निघाले. फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवीन रोखे काढले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात, पण त्याला डीमॅट खातं लागतं. आमच्यासारख्यांसाठी पोस्टाची खिडकी बरी होती. ती पुन्हा उघडावी असं मनापासून वाटतं.

निफाड तालुका, द्राक्षबाग

आमच्याकडं सोनं म्हणजे भांडवल. छाटणीच्या वेळी औषधं, मजूर, तार, बांबू, सगळ्याला एकदम पैसा लागतो आणि माल निघतो चार-पाच महिन्यांनी. सासूबाईंच्या पाटल्या आणि माझा लक्ष्मीहार जवळपास दरवर्षी बँकेत जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. किमतीच्या साधारण पाऊण हिस्सा कर्ज मिळायचं. लक्ष्मीहारातले खडे आणि धाग्याची कलाकुसर वजनातून वगळतात, पाटल्या पुऱ्या धरतात. म्हणून सासूबाई म्हणतात, "हार पाहुण्यांना, पाटली बँकेला."

एका वर्षी व्यापारी माल घेऊन गेला आणि पैसे दिलेच नाहीत. पाटल्या सोडवता आल्या नाहीत, बँकेची लिलावाची नोटीस आली. तेव्हा आमच्या बचत गटातल्या बायकांनी अंतर्गत कर्ज मंजूर करून नुसतं व्याज भरलं आणि मुदत वाढवून घेतली. पुढच्या हंगामात पाटल्या घरी आल्या. मला एवढंच सांगायचंय: गहाण ठेवताना व्याज भरायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि पावतीवरचं वजन स्वतः वाचा.

पंचवटी, चार घरी स्वयंपाकाचं काम (मुलीने लिहून दिलं आहे)

मला लाडक्या बहिणीचे पंधराशे मिळू लागले तेव्हा ठरवलं, घरखर्चात मिसळायचे नाहीत. गॅस सिलिंडरचे काढून उरले की दहा ग्रॅमचं चांदीचं नाणं. सुरुवातीला हजाराच्या आत-बाहेर यायचं. सगळे महिने जमलं नाही, नऊ नाणी झाली आहेत. ९९९ छापलेलं, सीलबंद पुडीतलं. पहिली दोन मी हौसेने उघडी देव्हाऱ्यात ठेवली, ती धुराने काळी पडली. आता पुडी फोडत नाही, डब्यात खडूचे दोन तुकडे ठेवते, ओल धरत नाही. पैंजण घेतले असते तर परत देताना सांधे जोडणाऱ्या डागाचं आणि घुंगरांचं वजन कापलं असतं, असं सोनाराने स्वतःच सांगितलं. चांदीत घेण्याचा आणि देण्याचा भाव यात फरक जास्त असतो, तेही त्यांनीच सांगितलं. तरी घेते. नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत आहे.

नाशिक रोड

मला थोडं उलट सांगायचंय. रात्री अकरा वाजता यांचा अपघात झाला. रुग्णालयाने आधी अनामत भरायला सांगितलं. कपाटात चार तोळे होतं आणि पाकिटात अठराशे रुपये. रात्री अकराला कुठला सराफ उघडा असतो? समोरच्या वहिनींनी तीस हजार आणून दिले, नाहीतर काय झालं असतं हे आठवलं की आजही हात गार पडतात. सोनं चांगलंच, पण आधी दोन महिन्यांचा खर्च बँकेत आणि घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा. ते झालं की मग वेढणी. हा क्रम माझ्या मुलीच्या संसारात मी सांगून पाळायला लावला आहे.

सिडको, विद्यार्थी

मोबाइलवर दहा-दहा रुपयांचं डिजिटल सोनं घ्यायचो. दर वेळी तीन टक्के जीएसटी जातो हे वर्षाने कळलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीनेही (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बजावलं की हे आपल्या नियंत्रणाखाली येत नाही. आता तेच पैसे आवर्ती ठेवीत.

जेल रोड

गल्लीतल्या एका दुकानाची योजना, महिना हजार, अठरा महिने. पासबुकावर दुकानाचा शिक्का आणि सही, बाकी काही नाही. चौदा हप्ते भरले आणि एका सकाळी शटरला कुलूप. आम्ही वीस-बावीस बायका तिथे उभ्या होतो, कुणी पापडाचे पैसे भरलेले, कुणी पोरीच्या लग्नाचे. पोलिसांत तक्रार दिली, पैसे आले नाहीत. वर सातपूरच्या भाऊंनी अकरा महिन्यांचं कारण लिहिलंय, ते मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर अठरा हा आकडा ऐकूनच मी उठले असते. ज्या बायका वाचत असतील त्यांनी हे शेजारणीला वाचून दाखवा.

गंगापूर रोड, निवृत्त शिक्षिका

आजीच्या डब्यात पाटल्यांच्या जोडीसोबत एक चिठ्ठी निघाली. मोडी लिपीत नाही, साध्या बाळबोध अक्षरात: "३ तोळे २ मासे ४ गुंजा." आता आपण दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, त्याचे बारा मासे, एका माशाच्या आठ गुंजा. ज्यांच्या घरी अशा चिठ्ठ्या आहेत त्यांनी या हिशेबाने मांडून बघा, नाहीतर मोडायला गेल्यावर घोटाळा होतो. आजीच्या पाटल्या ३७.४२ ग्रॅम व्हायला हव्यात.

मी काट्यावर ठेवल्या तर ३६.९ भरल्या. सोनाराला विचारलं, अर्धा ग्रॅम गेला कुठे? त्यांनी पाटलीची आतली कड बोटाने दाखवली, जिथे ती गुळगुळीत होऊन पातळ झालीय. साठ वर्षं रोज वापरल्याची झीज आहे, म्हणाले. आजी पाटल्या कधीच उतरवत नसे. राखेने भांडी घासताना नाही, गोदेवर कपडे धुताना नाही.

पाटल्या मोडल्या नाहीत. चिठ्ठीच्या मागे आजचं वजन ग्रॅममध्ये लिहिलं, तारीख घातली आणि डबा बंद केला.