पेटो बुडाला, ब्रासी तरला. दोष कोणाचा?

रूळकरी:
मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरेंड-गर्नी ही पेढी कोसळली आणि पाठोपाठ पेटो-बेट्स या शालक-मेहुण्यांच्या रेल्वे कंत्राटदारीचं दिवाळं वाजलं. अनेक कामांत त्यांच्यासोबत असलेला कंत्राटदार थॉमस ब्रासी मात्र तरला. १८७० साली गेला तेव्हा मागे सुमारे ५० लाख पौंड होते. तेव्हापासून पेटो लबाड, ब्रासी सचोटीचा, अशी वाटणी ठरून गेलीय. मला ती पटत नाही. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात इंग्रज फौज चिखलात रुतली, तेव्हा याच तिघांनी नफा न घेता बालाक्लावा बंदरापासून सात आठवड्यांत सात मैल रूळ टाकले. खासदाराला सरकारी कंत्राट घेता येत नाही, म्हणून पेटोने खासदारकी सोडली. हा माणूस लबाड?

खडीफोड्या:
बदल्यात 'सर' झाला, ते सांगायचं राहिलं का? आणि क्रिमियाचं पुण्य किती वर्षं पुरवणार! पेटो जिचा कंत्राटदार होता, त्या लंडन-चॅथम-डोव्हर रेल्वेचं बघा. निम्मं भागभांडवल जमा झाल्याशिवाय कर्जरोखे काढायचे नाहीत, असा कायदा. पैसे तर आलेच नव्हते. मग शेअर पेटोच्या नावे केले, पैसे मिळाल्याच्या पावत्या फाडल्या आणि त्यांवर कर्ज उचललं. रोकड जागची हललीच नाही.

रूळकरी:
पावत्या कंपनीच्या. कंत्राटदाराने कंपनीचे शेअर घ्यावेत नाहीतर काम विसरावं, असाच तो जमाना होता. ब्रासीनेही घेतलेच की.

घाटवाली:
घेतले, पण फरक आहे. फ्रान्समध्ये बारांतँचा २७ कमानींचा पूल ब्रासी आणि त्याचा भागीदार मॅकेंझी यांनी बांधला. जानेवारी १८४६ मध्ये, जोराच्या पावसानंतर, अख्खा कोसळला. तिथलाच चुना वापरा ही अट होती आणि ब्रासीने आधीच कुरकुर केली होती. भांडायला जागा होती. तो कोर्टात गेला नाही. स्वखर्चाने सहा महिन्यांच्या आत पूल पुन्हा उभा केला. गाठीला रोकड होती म्हणून जमलं. पेटोवर ती वेळ आली तेव्हा हातात कागद होते.

रूळकरी:
हे मान्य. पण पेटो मजुरांना दर आठवड्याला रोख पगार द्यायचा, ठेकेदाराच्याच दुकानातून माल घ्या अशी सक्ती नाही. आपल्या भोर घाटात रेल्वे बांधताना १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला, हे तुम्हाला मी सांगायला नको.

खडीफोड्या:
म्हणजे मजुराला रोख आणि कर्जरोखेवाल्याला पावती. तो कर्जरोखेवालाही कुणी लॉर्ड नसेल हो, पेन्शनचे पैसे गुंतवलेला म्हातारा असेल.