साथीत सरकारचे हात किती मोकळे सोडायचे?

रास्तापेठी (धागाकर्ता):
१८९७ चा साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सरकारला वाटतील ते उपाय करायची मोकळीक, न ऐकणाऱ्याला दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा, आणि सद्हेतूने काम केलेल्या माणसावर दावा लावायचा नाही. उपाय किती दिवस चालावेत, दाद कोणाकडे मागावी, याबद्दल चकार शब्द नाही. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सोजिर प्लेगचे रुग्ण शोधायला घराघरांत घुसले, अगदी माजघरा-देवघरापर्यंत. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी हाच कायदा लागू केला. निर्बंध हवेत, मला मान्य आहे. पण प्रत्येक आदेशाला मुदत हवी आणि काढणाऱ्याला जाब विचारता आला पाहिजे.

स्टेथोस्कोप:
प्लेगचा विषय निघाला की सगळे थेट गणेशखिंडीत, रँडवरच्या गोळीपाशी पोचतात, प्लेग राहतो बाजूला. अहो, उपचाराविना गाठीच्या प्लेगमध्ये निम्म्याहून जास्त रुग्ण दगावायचे. टिळकांनीसुद्धा विलगीकरणाला विरोध केला नव्हता. उलट हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय उभारलं आणि शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांना खडसावलं. साथ सुनावणीच्या तारखेसाठी थांबत नाही.

रास्तापेठी:
टिळकांचा मुद्दा तोच तर होता! रुग्ण वेगळे ठेवा, पण सोजिरांकरवी नको. धाकाने काय होतं ते मुंबईत आधीच दिसलं होतं. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोक रुग्ण लपवू लागले, की तुमचा आकडाही खोटा आणि उपायही.

उभ्यानेप्रवास:
इतकं मागे कशाला जाता? १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्वसामान्यांना लोकलचा पास हवा तर दोन डोस हवे होते, वर चौदा दिवस झालेले हवे होते. कोविशील्डच्या दोन डोसांत सरकारनेच ८४ दिवसांचं अंतर ठरवलेलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना पहिला डोस जुलैत मिळाला. म्हणजे नियम पाळणारी बाईसुद्धा ऑक्टोबरपर्यंत गाडीबाहेर. त्यांचा लसीला कधीच नकार नव्हता. बस बदलत यायच्या, आणि त्या बसमध्ये गर्दी लोकलसारखीच. इथे कसलं आरोग्य राखलं, कोणी सांगेल का?

स्टेथोस्कोप:
मावशींचं वाईट वाटतं, खरंच. पण दुसऱ्या लाटेत एकेका ऑक्सिजन बेडसाठी नातेवाइकांचे फोन मी घेतलेत. रेघ कुठे ओढली तरी तिच्या पलीकडे कोणीतरी राहणारच. आणि रास्तापेठी, २०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली ती आमच्यावरच्या हल्ल्यांमुळे. गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद. तीही नको का तुम्हाला?

रास्तापेठी:
हवी! डॉक्टरांवर हात टाकणाऱ्याला आत टाकाच. पण कायदा संसदेत उघडलाच होता, तर आदेशांना मुदत घालणारं एक वाक्य लिहायला काय हरकत होती? ते कोणाला सुचलं नाही, की नको होतं?

काळाकोट:
मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू सांगितल्या. लस कोणावर लादता येणार नाही, पण समाजहितासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं. ती रोगाच्या धोक्याशी प्रमाणात असली म्हणजे झालं. गोम एवढीच की हे ऐकायला मिळालं तेव्हा लाट ओसरली होती.

स्टेथोस्कोप:
म्हणून तर म्हणतो, कोर्टावर सोडू नका. मुदत ठेवा हवी तर. पण वाढवायची की नाही हे साथरोगतज्ज्ञ ठरवतील.

रास्तापेठी:
तज्ज्ञांनी सल्ला द्यावा, तोही लेखी आणि जाहीर. मुदतवाढीचं मतदान विधानसभेत. तिथे हात वर करणारा निदान मत मागायला दारात येतो.

उभ्यानेप्रवास:
येतो, पण पाच वर्षांनी. मावशींना पास दुसऱ्या दिवशी हवा होता.