गावची शाळा: आठवणी लिहा

माळरान
पणजोबांची नोंद शोधायला परवा गावच्या शाळेत गेले. कुणबी नोंदींसाठी गावोगावी जुनी दप्तरं उघडतायत, तसंच आमचंही. बाईंनी जनरल रजिस्टर काढून दिलं. पहिली पानं मोडी लिपीत, ती काही वाचता आली नाहीत. पुढच्या बाळबोध पानांवर आजोबा सापडले. शाळा सोडल्याचे कारण: गुरे राखणे. खाली ओळीनं तेच, गुरे राखणे, गुरे राखणे. मुलीचं नाव पानभर शोधलं तरी नाही.

आजी म्हणाली, तेव्हा लोकल बोर्डाची शाळा, मारुतीच्या देवळात भरायची. १९६२ ला जिल्हा परिषद आली, मग खोल्या झाल्या. दगड ओढ्यातला, बैलगाड्या गावाच्या. हे कुठल्याच रजिस्टरात नाही आणि सांगणारी माणसं चाललीत. म्हणून धागा काढलाय. तुमची शाळा कुठं भरायची, कुणी बांधली?

चिंचेचं बन
चावडीत! तलाठी आला की आम्ही बाहेर, लिंबाखाली. शनिवारी सारवण. शेण आम्ही पोरांनी गोळा करायचं, सारवायचं पोरींनी. दिपोटी (शाळा तपासणारे साहेब) यायचे म्हटलं की आदल्या दिवशी गुरुजी सगळ्यांची नखं बघायचे. पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) अजून येते, झोपेतून उठवून विचारा.

मोगरा
शाळेत घालताना १ जून जन्मतारीख लागलेले हात वर करा 😀 आमच्या घरात चौघं. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की सहा वर्षं पूर्ण, घाल पहिलीत.

किनारा
🙋 मी आणि मिस्टर दोघंही १ जून. एकाच केकात भागतं.

सातारकर
माझे वडील वर्गात नव्हते, पडवीत असायचे. फळा दारातून दिसेल तेवढाच. पाणी वरून ओंजळीत. शाहू महाराजांनी १९१९ ला कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एकत्र बसवायचा हुकूम काढला. आमचं गाव संस्थानाबाहेर. वडील त्याच पडवीतून फायनल (सातवीची परीक्षा) झाले आणि पुढं त्याच तालुक्यात मास्तर लागले. त्यांच्या वर्गात पडवीत कुणी बसलं नाही. शाळेच्या इतिहासात हेही आलं पाहिजे.

माळरान
दादा, हे लिहिलंत, फार बरं केलंत. वडिलांचं अजून लिहा, सवडीनं.

खडूवाली
मी जि. प. शिक्षिका, द्विशिक्षकी शाळा, पट १४. आधी एकशिक्षकी होती. चार वर्ग एका खोलीत, चौथीतला पहिलीला पाढे सांगणार. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेनंतर अशा शाळांना दुसरा शिक्षक मिळायला लागला. आता वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं चाललंय. पावसाळ्यात ओढा भरला की माझ्या वस्तीवरची पहिलीतली पोरं जाणार कशी? गाडी देऊ म्हणतात. गाडीला रस्ता लागतो. (भाकरी टाकायच्यात, रात्री येते.)

तेरणाकाठ
आम्ही किल्लारीकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शाळा पत्र्याच्या शेडमध्ये. ऊन तापलं की गुरुजी बाहेर घेऊन बसायचे. वर्गातले बरेच जण नव्हते. हजेरी घेताना गुरुजी थांबायचे. जास्त लिहवत नाही.

मोगरा
🙏

चिंचेचं बन
माळरान ताई, मोडीसाठी पुराभिलेख खात्याचे प्रशिक्षण वर्ग असतात, तिथं शिकलेले लोक वाचून देतात. पानांचे फोटो मात्र इथं टाकू नका, त्यात सगळ्यांच्या जाती आहेत.

माळरान
नाही टाकत. व्यनि (खाजगी निरोप) करते.

किनारा
सुकडीचं (पौष्टिक पिठाच्या खाऊचं) कुणीच नाही लिहिलं?? शाळेत मिळायची, पिवळसर, गोड. आम्ही कागदात बांधून धाकट्या भावाला न्यायचो.

सातारकर
७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावरही सुकडीच. आई निम्मी खायची, निम्मी पदरात.

मोगरा
आई त्यात गूळ घालून लाडू वळायची. तशी चव कशालाच येत नाही. गव्हाचं पीठ भाजून करून बघितलं, नाही जमलं.

किनारा
सोयाबीनचं पीठ घाल थोडं, मंद आचेवर. माझं बऱ्यापैकी जवळ गेलंय.