मदत हवी आहे: रॅग्नारोसच्या सन्सपाशी रेड कोसळते

वॉव क्लासिक (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम), मोल्टन कोअर ही गुहा, गिल्डची (आमच्या खेळाडूगटाची) दर आठवड्याची ४० जणांची रेड, म्हणजे एकत्र चढाई. शेवटचा बॉस रॅग्नारोस, त्याचा पहिला टप्पा व्यवस्थित जातो: मेली (जवळून लढणारे) नॉकबॅकआधी, म्हणजे तो मागे फेकण्याआधी, बाहेर पडतात (नवे रोग, म्हणजे खंजीरवाले, सोडून!), ऑफटँक (मार झेलणारा दुसरा खेळाडू) जवळच असल्याने त्याचा मॅग्मा ब्लास्ट हा दुरून होणारा हल्ला येत नाही. ३ मिनिटांनी तो लाव्हात बुडतो, ८ सन्स ऑफ फ्लेम (त्याचे आगीचे साथीदार) येतात आणि घडी विस्कटते. सन्स जवळ आले की माना (स्पेलसाठी लागणारी शक्ती) उडतो, हीलर्स (इतरांना बरे करणारे) रिकामे. वॉरलॉक बॅनिश (शत्रूला काही वेळ लढाईबाहेर ठेवणारा स्पेल) लावतात, पण रेड मार्क (शत्रूंच्या डोक्यावरची खूण) नसल्याने मेज (जादूगार) बॅनिश झालेल्या सन्सवरच स्पेल टाकत बसतात. बॅनिश असेपर्यंत डॅमेज शून्य.

हीलर्स एकत्र ठेवून सन्स टँकांनी लांब ओढावेत का? बॅनिश किती लावावेत? की सगळे कूलडाऊन (क्वचितच वापरता येणाऱ्या मोठ्या क्षमता) वापरून बुडण्याआधीच मारायचा नाद धरावा?