शेफिल्डचा जुना वस्तरा : गंज काढताना कुठे थांबावे?

रामबागकर

सप्रेम नमस्कार. इंदुरातील आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना पणजोबांचा वस्तरा हाती आला असून तो पुन्हा दाढीसाठी वापरण्याजोगा करावा, अशी मनापासून इच्छा आहे. पात्यामागच्या दांड्यावर जोसेफ रॉजर्स अँड सन्स हे नाव, त्यांचा तारा आणि माल्टीज क्रॉस स्पष्ट दिसतात. खाली ‘शेफिल्ड, इंग्लंड’ असा ठसा आहे. दांडा जवळजवळ स्वच्छ आहे. परंतु मिटल्यावर पात्याचा जो भाग मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये राहतो, तिथे तांबूस गंजाचा जाड थर असून त्याखाली बारीक खड्डे पडलेले दिसतात. पट्ट्या पिवळसर आहेत आणि घरात सगळे त्यांना हस्तिदंती म्हणतात. लोहामंडीतील एक कारागीर बफिंगच्या चाकावर पाते आरशासारखे करून देण्यास तयार आहे. त्याच्याकडे द्यावे, की घरी हातानेच काम करावे?

जुनी हत्यारे

कृपया चाकावर देऊ नका. वस्तऱ्याचे पोलाद पाणी देऊन कडक केल्यानंतर साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसवर उतरवलेले, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवलेले असते. धार इतकी पातळ असते की वेगाने फिरणाऱ्या चाकाखाली ती क्षणात त्याहून अधिक तापते. पोलादावर पिवळसर झाक आली किंवा ३०० अंशांच्या आसपास येणारा निळा रंग उमटला, की तेवढा भाग मऊ पडला असे समजावे, आणि मग कोणत्याही दगडावर ती धार टिकत नाही. शिवाय चाक ठशाची अक्षरे बोथट करते. ती अक्षरे जपण्यासारखी आहेत, कारण १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानंतर निर्यातीच्या मालावर देशाचे नाव घालणे रूढ झाले, त्यामुळे ‘इंग्लंड’ हा शब्द असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो.

हाताने काम सुरू करण्याआधी पात्याला तडा नाही ना, हे पाहावे. धारेवर रॉकेल लावून काही वेळ ठेवावे, कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड भुरभुरावी. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळपट रेघ उमटते. तडा धारेपासून वर गेलेला असेल, तर वस्तरा जपून ठेवावा, चेहऱ्याला लावू नये. तडा नसेल, तर शिलाई मशीनचे तेल लावून सैल गंज लाकडी काडीने खरवडावा आणि मग ६०० नंबरच्या पाणी-पेपरपासून वर जावे, दाब नेहमी पाठीकडून धारेच्या दिशेने आणि बोटे धारेच्या मागे ठेवून. तांबडा गंज गेला की थांबावे. राखाडी-काळा डाग पोलादाला खात नाही, आणि तो घालवण्यासाठी घासलेले पोलाद परत मिळत नाही.

सियागंज

गंज फक्त पट्ट्यांच्या आत आहे आणि दांडा स्वच्छ आहे, या वर्णनावरून मला पावसाळ्यातील दमटपणापेक्षा पट्ट्यांचाच संशय येतो. पट्टी अंगठ्याने गरम होईपर्यंत जोरात चोळून लगेच वास घ्यावा. कापराचा वास आला तर ती हस्तिदंत नसून सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचे एक प्लास्टिक आहे. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते आणि मिटलेल्या पात्याला आतून खाते. अशा पट्ट्या ठेवून पाते कितीही स्वच्छ केले तरी गंज परत येतो, आणि त्याच डब्यातील दुसरे वस्तरेही बाधित होतात. तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण सेल्युलॉइड भडकन पेट घेते. हस्तिदंतच निघाले, तर त्याची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, हे लक्षात असू द्यावे.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. दर्शनी पृष्ठभाग २००० नंबरच्या पेपरपर्यंत गुळगुळीत करावा असे मला वाटते, कारण खडबडीत पोलादावर ओल अधिक काळ धरून राहते.

निमाडकर

धारेविषयी लिहितो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, म्हणजे कोन पात्याच्या घडणीतच ठरलेला असतो. हाताने तो धरायचा नसतो, फक्त पाठ उचलू द्यायची नसते. धारेच्या कडेला मार्करची शाई लावून १००० नंबरच्या सपाट दगडावर वस्तरा हलक्या हाताने फिरवावा. शाई टोकापासून मुळापर्यंत सारखी निघाली नाही, तर कुठे काम बाकी आहे ते लगेच कळते. या पायरीवर घाई केली तर पुढचे दगड काहीही दुरुस्त करू शकत नाहीत. त्यानंतर ४०००, ८००० आणि शक्य असल्यास १२०००. शेवटी चामड्याचा पट्टा ताणून त्यावर उलट दिशेने, पाठ पुढे ठेवून फिरवावे. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे.

रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पट्टी चोळल्यावर कापराचा वास स्पष्ट आला. तडा नाही; पण टोकाजवळचा एक खड्डा अगदी धारेलगत आहे. नव्या पट्ट्या कशाच्या कराव्यात?

जुनी हत्यारे

धारेलगतचा खड्डा १००० च्या दगडावर निघून जातो का ते पाहावे. न गेल्यास तिथे धार चिरकते आणि त्वचा ओरखडते, म्हणून पात्याची संपूर्ण कड सारखी मागे घ्यावी, फक्त टोक नव्हे. पट्ट्यांसाठी शिसवी लाकूड किंवा म्हशीचे शिंग उत्तम, जाडी सुमारे ३ मिलिमीटर. जुन्या रिव्हेटचे डोके कानशीने सपाट करून खिळा ठोकून काढावा, म्हणजे दांड्यातील छिद्र मोठे होत नाही. नव्यासाठी दीड मिलिमीटरची पितळी तार आणि वॉशर सोनारकामाची अवजारे विकणाऱ्या दुकानात मिळू शकतील. काढलेल्या पट्ट्या घरात शेगडीपासून दूर, उघड्या हवेत आणि इतर वस्तऱ्यांपासून वेगळ्या ठेवाव्यात.