मदत हवी आहे : उसाच्या पाचटाबरोबर जास्त नत्र दिल्यास जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढतो की जळतो?

नमस्कार. आमची वारणाकाठी काळी, भारी जमीन आहे आणि खोडव्याचे, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाचे, पाचट (वाळलेली पाने) न जाळता आम्ही ते सरीतच कुजवतो. त्यावर नेहमीच्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकतो. ओल टिकते, तण कमी येते, हे फायदे स्पष्ट दिसतात. माझा प्रश्न नत्राच्या प्रमाणाविषयी आहे आणि मृदाशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र जाणणाऱ्यांनी त्यावर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सूक्ष्मजीव पाचट खातात तेव्हा त्यातील काही कर्ब त्यांच्या शरीराच्या वाढीसाठी वापरला जातो आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत निघून जातो. वाढीसाठी वापरल्या जाणाऱ्या या हिश्शाला कर्ब-वापर कार्यक्षमता म्हणतात आणि तो ढोबळमानाने ३० टक्के धरला जातो. सूक्ष्मजीव मेल्यावर त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना धरून राहतात. शेतजमिनीच्या वरच्या थरातील सेंद्रिय कर्बापैकी निम्म्याच्या आसपास कर्ब अशा मृत सूक्ष्मजीवांचा असावा, असा अंदाज आहे. २०२३ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासात तर ही कार्यक्षमता कर्ब साठण्याच्या बाबतीत, वनस्पतींकडून येणाऱ्या कर्बासह इतर घटकांपेक्षा किमान चौपट महत्त्वाची ठरली. म्हणजे पाचट किती टाकले यापेक्षा ते खाणाऱ्यांनी त्याचे काय केले, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

आता हिशेब पाहावा. हेक्टरी १० टन वाळलेले पाचट धरले, तर त्यात सुमारे ४ टन कर्ब आणि ४० किलोच्या आसपास नत्र असते, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर १००:१ येते. सूक्ष्मजीवांच्या शरीरात हेच गुणोत्तर ८:१ च्या जवळपास असते. ४ टनांपैकी ३० टक्के, म्हणजे १.२ टन कर्ब त्यांच्या शरीरात जायचा असेल, तर त्यांना १५० किलो नत्र लागेल. पाचटातले ४० आणि ८० किलो युरियातले सुमारे ३७ मिळून ७७ किलोच होतात. सगळे पाचट एकदम कुजत नाही आणि मेलेल्या सूक्ष्मजीवांतील नत्र पुन्हा वापरात येते, हे मान्य. तरीही एवढी तूट राहिली तर सूक्ष्मजीव जास्तीचा कर्ब श्वसनावाटे टाकून देतील आणि कार्यक्षमता घसरेल, असे मला वाटते. हा तर्क बरोबर आहे का?

याविषयी वाचताना दोन परस्परविरोधी गोष्टी समोर आल्या. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेचे क्लाइव्ह कर्कबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकांच्या अवशेषांबरोबर नत्र, स्फुरद आणि गंधक हिशेबाने दिले, तेव्हा अवशेषांतील अधिक कर्ब टिकाऊ सेंद्रिय पदार्थात गेल्याचे त्यांना आढळले. उलट, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १८७६ पासून चालू असलेल्या मॉरो प्लॉट्स या प्रायोगिक शेततुकड्यांच्या नोंदींवरून २००७ साली असे मांडले गेले की, दशकानुदशके पिकाच्या गरजेपेक्षा जास्त नत्र दिले आणि भरपूर अवशेष मातीत परत गेले, तरी सेंद्रिय कर्ब घटलाच. या निष्कर्षावर पुढे वादही झाला. मला वाटते, पहिल्या प्रयोगात नत्र अवशेषांच्या मापाने दिले होते आणि दुसऱ्यात ते पिकासाठी दिले होते, हा फरक मोठा आहे. परंतु आमचे पाचट मातीत गाडलेले नसते, वर पसरलेले असते. पाण्याच्या पाळीनंतर ते उचलून पाहिले की खालच्या ओलसर पानांवर पांढऱ्या बुरशीचे जाळे दिसते आणि त्या तंतूंना मातीचे बारीक खडे लगडलेले असतात. वरचा थर मात्र कोरडा आणि तसाच्या तसा असतो. अशा स्थितीत वरून फेकलेला युरिया बुरशीपर्यंत पोहोचतो की अमोनिया होऊन उडून जातो? तो दोन-तीन हप्त्यांत पाण्याबरोबर द्यावा का?

जीवामृतातल्या (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेल्या द्रावणातल्या) गुळामुळे जमिनीतला जुना कर्ब जळतो, असेही कोणी सांगतात. दोनशे लिटरला दोन किलो गूळ म्हणजे एक किलोहून कमी कर्ब. एकरभर मातीतल्या काही टन कर्बापुढे तो नगण्य असल्याने ती शंका मी बाजूला ठेवली आहे.

शेवटचा प्रश्न तपासणीचा. आमच्या माती परीक्षण अहवालात सेंद्रिय कर्ब ०.५४ टक्के आला आहे, पण एका-दोन हंगामांतला बदल या आकड्यात दिसणे कठीण असते. शिवाय आमच्या जमिनीत चुनखडी आहे, त्यामुळे माती जाळून एकूण कर्ब मोजणाऱ्या यंत्रात चुनखडीचा कर्बही धरला जाईल. पोटॅशियम परमँगनेट वापरून सक्रिय कर्ब मोजण्याची किंवा सूक्ष्मजीवांच्या शरीरातील कर्ब मोजण्याची चाचणी शेतकऱ्यांचे नमुने घेऊन कोठे केली जाते का, नमुना किती खोलीवरून घ्यावा आणि तो ओला पाठवावा की वाळवून, हे कोणी अनुभवाने सांगू शकल्यास फार मदत होईल. यंदा खोडव्याच्या अर्ध्या सऱ्यांना जास्त नत्र देऊन तुलना करण्याचा विचार आहे, त्यामुळे त्याआधी उत्तर मिळाले तर त्याप्रमाणे आखणी करता येईल.